निरोपाची वाट बदलते तेव्हा : मराठी लेखनसाधनांचे नव्या संदेशव्यवस्थेत स्थलांतर

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. त्या दिवशी हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. बोथ मात्र आंध्र प्रदेशात राहिले. इस्लापूरचे घर, शेत, विहीर, बोली, यांपैकी काहीही जागचे हलले नाही. बदलली ती कागदाची वाट. काल जो अर्ज बोथमार्गे आदिलाबादला जात होता, त्याला आता नांदेडची दिशा धरावी लागली. अर्जदार तोच आणि मागणीही तीच. पण पत्ता नवा, नमुना नवा, पोच देणारे कार्यालय नवे.

संगणकातील जुन्या आज्ञावली नव्या संदेशव्यवस्थेवर नेणे हे काम असेच असते. आज्ञावलीचे मूळ काम बदलत नाही. तिने इतर आज्ञावलींशी बोलण्याची वाट बदलते. हा विषय अभियंत्यांपुरता आहे असे वाटेल, पण मराठी लिहिणाऱ्याचा त्याच्याशी रोजचा संबंध आहे. आपण कळ दाबतो आणि पडद्यावर अक्षर उमटते, तेवढ्यात किमान दोन आज्ञावलींमध्ये निरोपांची देवघेव झालेली असते. ही वाट गेल्या तीस वर्षांत लिनक्सवर तीन-चार वेळा बदलली. दर वेळी मराठीची काही साधने पार गेली आणि काही मागे राहिली. कोणती तरली आणि का, हे समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे. ज्या भाषेच्या वाट्याला प्रोग्रामर थोडे येतात, तिला हे कारण माहीत असणे अधिकच गरजेचे आहे.

दोन आज्ञावली बोलतात कशा?

चालू असलेल्या प्रत्येक आज्ञावलीला संगणक स्मृतीचा वेगळा हिस्सा देतो. एकीने दुसरीच्या हिश्शात हात घालायचा नाही, हा नियम असतो. त्यामुळे एक आज्ञावली बिघडली तरी दुसरी सहसा सुरक्षित राहते. पण त्यामुळेच दोघींना बोलायचे असेल तर मध्ये एखादी टपालव्यवस्था लागते. तांत्रिक परिभाषेत तिला आंतरप्रक्रिया संप्रेषण म्हणतात. येथे सोयीसाठी आपण तिला निरोपव्यवस्था म्हणू.

‘क्षमा’ हा शब्द घ्या. इनस्क्रिप्ट कळफलकावर तो लिहायला क, हलन्त, ष, म आणि काना अशा पाच कळा लागतात, आणि ‘ष’साठी शिफ्टची सहावी. दाबणे आणि सोडणे या वेगळ्या घटना धरल्या जातात, म्हणजे एकूण बारा घटना झाल्या. मजकूर लिहिण्याची आज्ञावली प्रत्येक घटना लेखनसाधनाला कळवते: ‘ही कळ दाबली गेली, तू घेतोस का?’ लेखनसाधन ‘घेतली’ किंवा ‘नाही’ अशी पोच देते. अक्षर तयार झाले की ते उलट निरोप पाठवते: ‘हे अक्षर मजकुरात घाल.’

रोमन कळांनी मराठी लिहिणाऱ्यांच्या बाबतीत काम आणखी नाजूक होते. ‘के’ची कळ दाबली की ‘क्’ दिसतो, पण तो अजून पक्का नसतो. पुढे ‘ए’ आली तर ‘क’ होणार, आणखी एक ‘ए’ आली तर ‘का’. हा कच्चा मजकूर पडद्यावर बहुधा अधोरेखित दिसतो. तो ठेवणे, बदलणे आणि पक्का करणे यासाठीही निरोप जातात. निरोप एकदा जरी चुकला, उशिरा पोचला किंवा मागेपुढे झाला, तरी शब्द बिघडतो.

जुन्या वाटा

लिनक्सच्या खिडकीप्रणालीत, म्हणजे एक्स विंडोमध्ये, लेखनसाधनांसाठी एक्सआयएम हा करार होता. १९९४ च्या एक्स११ च्या सहाव्या प्रकाशनात तो प्रमाणित झाला. तो भाषेच्या स्थानिक सेटिंगशी बांधलेला होता. आज्ञावली सुरू होताना एक भाषा ठरायची आणि लेखनसाधन त्या चौकटीत काम करायचे. जपानमध्ये जपानी लिहिणाऱ्याला हे पुरेसे होते. बोथसारख्या ठिकाणी, जिथे एकाच पानावर तेलुगू नाव, मराठी मजकूर आणि इंग्रजी सर्वे क्रमांक येतो, तिथे ही चौकट अपुरी पडते.

पुढे स्किम आले. त्यात एका छत्राखाली अनेक भाषांची साधने बसत आणि भाषा हवी तेव्हा बदलता येई. मात्र त्याचा एक भाग प्रत्येक आज्ञावलीच्या पोटात शिरून चाले. तो सी प्लस प्लस भाषेत लिहिलेला होता. यजमान आज्ञावली त्याच भाषेच्या पायाभूत लायब्ररीच्या दुसऱ्या आवृत्तीवर बांधलेली असली, की दोन आवृत्त्या एकाच घरात भांडत आणि यजमानच कोसळे. लेखनसाधनामुळे आज्ञावली बंद पडते, हा अनुभव त्या काळी अनेकांना आला.

याच काळात लिनक्सवरील दोन मोठ्या कार्यपटलांच्या निरोपव्यवस्थाही वेगवेगळ्या होत्या. ग्नोमने कोर्बा या मोठ्या औद्योगिक करारावर आपली व्यवस्था उभारली होती. केडीईनेही आधी कोर्बा आजमावले, ते जड वाटून सोडले आणि २००० साली केडीई २ बरोबर डीकॉप ही आटोपशीर व्यवस्था आणली. डीकॉप वापरायला सोपी होती, पण क्यूटी या साधनसंचाशी घट्ट बांधलेली होती. म्हणजे एकाच संगणकावर दोन टपालखाती होती आणि एकाचे पत्र दुसरे घेत नव्हते.

डी-बस : एकच टपालखाते

२००२ पासून घडत आलेल्या डी-बसची १.० आवृत्ती २००६ मध्ये आली. दोन्ही कार्यपटलांना चालेल असे एकच खाते करायचे, हा तिचा हेतू होता. ११ जानेवारी २००८ रोजी केडीई ४.० प्रसिद्ध झाले तेव्हा त्यातून डीकॉप काढून टाकलेली होती आणि तिची जागा डी-बसने घेतली होती.

डी-बसमध्ये एक मध्यवर्ती सेवक असतो. प्रत्येक आज्ञावली त्याच्याशी जोडली जाते आणि निरोप त्याच्यामार्फत जातात. निरोपांचे मुख्य प्रकार दोन. पहिला नोंदणी टपालासारखा: अमक्याला अमुक काम सांगितले, पोच किंवा नकार परत यायचा. दुसरा दवंडीसारखा: ‘असे असे घडले आहे’ एवढे जाहीर करायचे, ऐकणारे ऐकतील, पोच नाही. जुनी आज्ञावली नव्या वाटेवर नेताना पहिला प्रश्न हाच असतो की तिचा कोणता निरोप टपाल आहे आणि कोणता दवंडी. यात घोटाळा झाला तर आज्ञावली कधीही न येणाऱ्या पोचेची वाट पाहत बसते.

दुसरा बदल पत्त्याचा. केडीई ३ मध्ये पडद्याला कुलूप लावायचे असेल तर ‘केडेस्कटॉप’ नावाच्या विशिष्ट आज्ञावलीला निरोप द्यावा लागे. डी-बसवर तोच निरोप ‘ऑर्ग डॉट फ्रीडेस्कटॉप डॉट स्क्रीनसेव्हर’ या पत्त्यावर जातो. हे कोणा एका आज्ञावलीचे नाव नाही, कामाचे नाव आहे. ते काम आज ही आज्ञावली करील, उद्या दुसरी करील. आपण अर्ज व्यक्तीच्या नावे न लिहिता ‘मा. तहसीलदार’ म्हणून लिहितो, त्याचे कारण हेच. माणसाची बदली झाली तरी अर्ज अडत नाही. स्थलांतर करताना पत्ता असा हुद्द्याच्या नावे लिहून घेतला, तर पुढचे स्थलांतर सोपे जाते.

तिसरा बदल मराठीच्या दृष्टीने सर्वांत मोठा आहे. डी-बसवरून जाणारा मजकूर वैध यूटीएफ-८ सांकेतिकरणातच असला पाहिजे, असा तिचा नियम आहे. डीकॉपमध्ये माहिती नुसत्या बाइटांच्या गाठोड्यासारखी जाई. आत काय आहे ते दोन्ही टोकांनी समजून घ्यायचे. डी-बस गाठोडे उघडून पाहते आणि नियमबाह्य मजकूर सापडला तर पाठवणाऱ्याची जोडणीच तोडते.

याचा अर्थ एका अक्षरावरून पाहू. १९९१ च्या भारतीय मानकात, म्हणजे इस्कीमध्ये, ‘क’ हे अक्षर १७९ या एकाच बाइटने दाखवतात. यूटीएफ-८ मध्ये त्याच ‘क’साठी २२४, १६४ आणि १४९ असे तीन बाइट लागतात. यूटीएफ-८ च्या नियमानुसार १७९ हा बाइट एकटा येऊच शकत नाही; तो कोणाच्या तरी मागेच यावा लागतो. म्हणून इस्कीतला मजकूर जसाच्या तसा नव्या वाटेवर ठेवला तर तो दारातच अडतो. निरोपव्यवस्था बदलायची म्हणून निघालेल्या माणसाला असे कळते की आधी मजकुराचे सांकेतिकरण बदलले पाहिजे.

दारात अडणे ही बरी गत. वाईट गत जुन्या फॉन्टांतल्या मजकुराची. त्या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवले होते. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजी अक्षरांचाच असतो. तो कुठेही अडत नाही, नव्या वाटेने सुखरूप पलीकडे जातो, आणि तिथे जुना फॉन्ट नसला की अर्थहीन अक्षरांची रांग होऊन बसतो. मोठ्याने झालेली चूक दुरुस्त होते. ही चूक गुपचूप होते आणि पुष्कळदा वर्षांनी कळते.

स्थलांतराच्या तीन रीती

पहिली रीत पुलाची. जुनी आज्ञावली तशीच ठेवायची आणि मध्ये दुभाषा बसवायचा. स्किमच्या कोसळण्यावर ‘स्किम-ब्रिज’ हा उपाय असाच निघाला. यजमान आज्ञावलीच्या पोटात फक्त सी भाषेतला एक छोटा तुकडा ठेवला. तो सॉकेटवरून बाहेरच्या दुभाष्याशी बोले आणि दुभाषा स्किमशी. भांडण करणारा भाग घराबाहेर गेल्यामुळे घर कोसळणे थांबले. विंडोजवरही असेच घडले. विंडोज एक्सपीच्या काळात, २००१ च्या सुमारास, लेखनसाधनांसाठी टीएसएफ ही नवी चौकट रूढ होऊ लागली. तेव्हा जुन्या चौकटीवर लिहिलेल्या आज्ञावलींनाही नवी लेखनसाधने वापरता यावीत म्हणून मायक्रोसॉफ्टने मध्ये एक दुभाषी थर दिला. पुलाचा फायदा असा की काम आज चालू राहते. तोटा असा की पूल कायमचा रस्ता आहे असे वाटू लागते आणि तो सांभाळणारा निघून गेला की दोन्ही काठ तुटतात.

दुसरी रीत उंबरठ्याची. आज्ञावलीचे गाभ्याचे काम न बदलता केवळ बाहेर बोलणारा भाग नव्याने लिहायचा. केडीई ४ साठी झालेले बरेचसे काम या रीतीचे होते. डीकॉपच्या एकेका हाकेसाठी डी-बसवरची समांतर हाक कोणती, याची मार्गदर्शिका प्रोग्रामरांसाठी तयार केलेली होती. पण वापरणाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी लिहिलेल्या छोट्या आज्ञा, ज्यांत ‘डीकॉप’ हा शब्द होता, त्या एका रात्रीत निकामी झाल्या. त्यांना ‘क्यूडीबस’ या नव्या साधनाने पुन्हा लिहावे लागले. सार्वजनिक आज्ञावली कोणीतरी बदलून देते. घरगुती आज्ञांचा वाली ज्याचा तोच असतो.

तिसरी रीत नव्या घराची. जुने सोडून नवेच बांधायचे. रेड हॅटमधील अभियंता पेंग हुआंग यांनी २००८ मध्ये सुरू केलेले आयबस हे याचे उदाहरण. त्याच्या नावातच ‘बस’ आहे. लेखनसाधन यजमानाच्या पोटात न शिरता वेगळ्या प्रक्रियेत राहील आणि डी-बसच्या पद्धतीने बोलेल, असा त्याचा आराखडा होता. जून २००९ मध्ये आलेल्या फेडोरा ११ मध्ये स्किमच्या जागी आयबस आले. ऑक्टोबर २००९ च्या उबुंटू ९.१० मध्येही तेच झाले, आणि २०१२ च्या ग्नोम ३.६ मध्ये ते कार्यपटलाचाच भाग बनले.

काय तरले?

स्किमचे घर सोडून आयबसच्या घरात जाताना मराठीचे काय झाले? स्किममध्ये मराठीचे तक्ते एम१७एन नावाच्या संचातून येत. जपानमधील एआयएसटी या संशोधनसंस्थेत घडलेला हा संच. बहुभाषिकीकरण या अर्थाच्या इंग्रजी शब्दातील पहिल्या आणि शेवटच्या अक्षरांमध्ये सतरा अक्षरे आहेत, म्हणून हे नाव. त्यात प्रत्येक लेखनपद्धतीची एक साधी मजकूर-फाइल असते. डावीकडे कळ, उजवीकडे अक्षर, आणि कोणत्या अवस्थेत काय होते याचे नियम. मराठीसाठी इनस्क्रिप्ट, आयट्रान्स, फोनेटिक, गमभन, मिंग्लिश, रेमिंग्टन अशा पद्धतींच्या फाइली या परिवारात आहेत.

या फाइलींत निरोपव्यवस्थेचा उल्लेख कुठेही नाही. एक्सआयएम, स्किम किंवा डी-बस यांपैकी कशाचाही त्यांना पत्ता नाही. त्यामुळे स्किम गेले तेव्हा मराठीचे तक्ते नव्याने लिहावे लागले नाहीत. एम१७एन आणि आयबस यांना जोडणारा एक छोटा दुवा लिहिला गेला आणि त्या एका दुव्यावरून मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू, ओडिया अशा कितीतरी भाषा एकदम पलीकडे गेल्या. पुढे एफसिटिक्स हे आणखी एक छत्र आले, तेव्हाही असाच दुवा पुरला. प्रत्येक भाषेला आपला वेगळा अभियंता शोधावा लागला असता तर मोठ्या भाषा आधी गेल्या असत्या आणि लहान भाषा रांगेत उभ्या राहिल्या असत्या.

याच्या उलट चित्र जुन्या फॉन्टांसोबत येणाऱ्या कळफलक-आज्ञावलींचे. त्यांत तीन गोष्टी एकत्र विणलेल्या असत: कोणत्या कळेला कोणते अक्षर हे भाषेचे ज्ञान, त्या अक्षराचा फॉन्टातील आकार-क्रमांक, आणि कळ मधल्यामध्ये पकडून दुसऱ्या आज्ञावलीत घालण्याची युक्ती. कार्यप्रणालीने कळ पकडण्याची वाट बदलली की तिन्ही गोष्टी एकदम निकामी होत. तक्ता वेगळा काढावा तर तो यंत्रभाषेत गाडलेला. त्या कळांवर बोटे बसलेल्या टंकलेखकाचे कसब मात्र खरे होते. ते जतन करण्याचा मार्ग म्हणजे ती कळरचना मजकूर-फाइलीत पुन्हा नोंदवणे. रेमिंग्टनची फाइल एम१७एनच्या परिवारात आहे, म्हणून जुन्या टंकयंत्रावर शिकलेला माणूस आजच्या संगणकावरही त्याच बोटांनी युनिकोड मराठी लिहू शकतो.

तक्ता उघडा असण्याचा आणखी एक फायदा. ‘ॲ’ या मराठी अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्यापूर्वी ‘ॲ’ लिहिण्यासाठी जोडाजोड करावी लागे. उघड्या तक्त्यात हा बदल म्हणजे एका ओळीची भर. निरोपव्यवस्थेला हात लावावा लागत नाही, आणि ही ओळ मराठीचा शिक्षकही सुचवू शकतो.

वेळ आणि क्रम

नव्या वाटेची किंमतही असते. निरोप पाठवून पोच येईपर्यंत थांबायचे की न थांबता पुढचे काम करायचे, हा प्रत्येक निरोपव्यवस्थेतला जुना पेच आहे. थांबले तर क्रम पक्का राहतो, पण लेखनसाधन अडले की लिहिण्याची आज्ञावलीही गोठते. न थांबले तर काहीच गोठत नाही, पण भराभर टंकणाऱ्याची अक्षरे काही आज्ञावलींत मागेपुढे होऊ शकतात. रोमन लिपीत दोन अक्षरे उलटली तर मुद्रणदोष दिसतो. देवनागरीत हलन्त आणि व्यंजन उलटले तर जोडाक्षरच मोडते. ‘क्षमा’तला हलन्त ‘ष’नंतर पडला तर ‘कष्मा’ होईल. आयबसमध्ये म्हणूनच दोन्ही पद्धतींची सोय ठेवली आहे.

आणखी एक बदल चालू आहे. एक्स विंडोची जागा वेलँड घेत आहे. नोव्हेंबर २०१६ च्या फेडोरा २५ पासून ग्नोममध्ये वेलँड हाच नेहमीचा पर्याय झाला. त्यात लेखनसाधनाशी बोलण्याचा करार पुन्हा वेगळा आहे आणि जुन्या आज्ञावलींसाठी पुन्हा पूल आहे. आज्ञावलींना कुंपणात बंद ठेवून चालवण्याची पद्धतही वाढली आहे. कुंपणातून लेखनसाधनापर्यंत पोचायला आयबसने खास खिडकी ठेवली आहे. या सर्व उलथापालथीत मराठीचे तक्ते पुन्हा जसेच्या तसे राहिले.

झळ कोणाला?

निरोपव्यवस्था बदलण्याचा निर्णय घेणारे थोडे असतात आणि झळ सोसणारे पुष्कळ. अंध व्यक्तींसाठी पडदा वाचून दाखवणाऱ्या ऑर्का या आज्ञावलीचे उदाहरण यासाठी महत्त्वाचे आहे. पडद्यावर काय आहे हे तिला इतर आज्ञावलींकडून निरोपानेच कळते. ग्नोममध्ये ही व्यवस्था आधी कोर्बावर उभी होती. एप्रिल २०११ च्या ग्नोम ३.० बरोबर ती डी-बसवर आली. वाटेत त्रुटी राहिल्या आणि दृष्टी असलेल्यांना ज्या दिसल्याही नाहीत, त्या ऑर्कावर अवलंबून असणाऱ्यांना रोज टोचल्या. दुसरी बाजू अशी की कोर्बामुळे जी केडीईची खिडकी ऑर्काला मुकी होती, ती डी-बसच्या सामाईक वाटेमुळे बोलती होण्याचा मार्ग खुला झाला.

येथे जुन्या फॉन्टांचा प्रश्न पुन्हा भेटतो. पडदा वाचणाऱ्या आज्ञावलीला मजकूर जसा साठवलेला आहे तसा पोचतो; डोळ्यांना दिसणारा आकार तिला दिसत नाही. युनिकोडमधील मराठी ती मराठी आवाजात वाचू शकते. जुन्या फॉन्टातील मराठी धडा तिला इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग वाटतो. शाळेने धडा युनिकोडमध्ये दिला की नाही, यावर एखादा विद्यार्थी तो धडा वाचू शकतो की नाही हे ठरते.

सीमेवरची भाषा

बोथ आणि आसपासच्या गावांत मराठी, तेलुगू, हिंदी, उर्दू, गोंडी, कोलामी अशा भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. एका संगणकावर यांतल्या चार भाषा लिहाव्या लागणे ही इथे नेहमीची गोष्ट आहे. इनस्क्रिप्टची आखणी या गरजेला उपयोगी पडते. ज्या कळेवर मराठीचा ‘क’ आहे त्याच कळेवर तेलुगूचा ‘क’ आहे, कारण रचना लिपीच्या आकारावर नाही तर वर्णमालेवर बेतलेली आहे. मराठी टंकलेखन शिकलेली मुलगी तेलुगूचा तक्ता निवडून त्याच बोटांनी तेलुगू लिहू शकते. तक्ता बदलतो आणि निरोपाची वाट तीच राहते.

गोंडीचे उदाहरण याहून बोलके आहे. आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावात सापडलेल्या हस्तलिखितांतील लिपीला २०१८ मध्ये युनिकोडच्या ११ व्या आवृत्तीत जागा मिळाली. ही जागा पहिल्या ६५,५३६ स्थानांच्या पलीकडे आहे. देवनागरी आणि तेलुगूची अक्षरे यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांची, तर गुंजाळा गोंडीची चार बाइटांची असतात. जुन्या काळी ज्या आज्ञावलींनी प्रत्येक अक्षर दोन बाइटांत मावेल असे गृहीत धरले, त्यांच्यात ही लिपी बसत नाही. डी-बसवर मात्र ती कोणत्याही वेगळ्या परवान्याशिवाय जाते, कारण तिचा नियम ‘वैध यूटीएफ-८’ एवढाच आहे. तीन बाइट की चार, हे ती विचारत नाही. मराठीला जाताना जी वाट काटेकोर वाटली, तीच वाट शेजारच्या लहान लिपीसाठी आधीच मोकळी होती.

लेखक, शिक्षक, विद्यार्थी यांनी काय करावे?

प्रोग्राम लिहिणे सर्वांना जमणार नाही, पण पुढची कामे जमण्यासारखी आहेत.

आपला जुना मजकूर कोणत्या सांकेतिकरणात आहे ते आजच पाहावे. फाइल उघडून फॉन्ट बदलून बघावा. फॉन्ट बदलताच मराठी जाऊन रोमन अक्षरे आली, तर तो मजकूर जुन्या फॉन्टाचा आहे. त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे, आणि रूपांतरानंतर मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावे. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक, ‘ळ’, ‘ज्ञ’, ‘क्ष’, ‘ॲ’ आणि अनुस्वार या जागी चुका हमखास राहतात.

लेखनसाधन बदलल्यावर एक ठरावीक शब्दयादी टंकून पाहावी: क्षमा, ज्ञान, दऱ्या, ॲप, बाळ, श्रृंखला की शृंखला, वाङ्मय, उज्ज्वल. एकदा सावकाश, एकदा भराभर. भराभर टंकताना जोडाक्षर मोडले तर दोष निरोपाच्या क्रमात आहे. सावकाश टंकतानाही मोडले तर दोष तक्त्यात आहे. दोष कळवताना एवढा भेद सांगितला तरी दुरुस्त करणाऱ्याचे अर्धे काम होते.

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या हाती एखादी जुनी मराठी आज्ञावली आली, तर कोडला हात लावण्यापूर्वी तीन याद्या कराव्यात: ती कोणाला काय सांगते, कोणाकडून काय ऐकते, आणि त्यांपैकी कशाची पोच लागते. मग भाषेचे ज्ञान, म्हणजे तक्ते, शब्दयाद्या, शुद्धलेखनाचे नियम, हे सारे बोलण्याच्या भागातून सोडवून साध्या मजकूर-फाइलींत ठेवावे आणि त्या फाइलींवर कोण, केव्हा, कोणत्या आधाराने लिहिले याची नोंद करावी. पूल बांधावा लागला तर तो कधी काढायचा तेही त्याच नोंदीत लिहावे.

आजची निरोपव्यवस्थाही काही वर्षांनी जुनी होईल. त्या वेळी मराठीकडे नवे दुवे लिहिणारे हात किती असतील, हे आपल्या ताब्यात नाही. उघड्या, वाचता येणाऱ्या, युनिकोडमधील फाइली त्यांच्यासाठी तयार ठेवणे मात्र आपल्या ताब्यात आहे, आणि त्यासाठी प्रोग्रामर असण्याची गरज नाही.